पुठ्ठ्याचा मुलूख

घरात येणाऱ्या वस्तूंत सर्वांत अल्पायुषी कोण, असे कोणी विचारले तर आम्ही खोक्याचे नाव घेऊ. आतला माल बाहेर निघाला की त्याचे प्रयोजन संपते. काही दिवस ते माळ्यावर पडून राहते आणि मग एके दिवशी चपटे होऊन रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. अंड्यांचा ट्रे, बाटल्यांची झाकणे, गाळणीतला चहाचा चोथा ह्यांचीही गत निराळी नाही. ह्याच टाकाऊ ऐवजातून टेबलावर एक अख्खा मुलूख उभा करावा, त्यात टेकड्या, नदी, कुंपणे, चार घरांचे खेडे मांडावे आणि त्या मुलखातून बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांच्या पलटणी हलवीत लढाई खेळावी, असा एक छंद युरोप-अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. त्या खेळाला तिकडे वॉरगेम म्हणतात आणि टेबलावरल्या भूमीला टेरेन. आपण त्यांना युद्धखेळ आणि मुलूख म्हणू.

प्रौढ माणसांनी पुठ्ठे कातरीत बसावे ह्याचे हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु ह्या छंदाची वंशावळ पाहू लागलो की हसू मावळते. तिच्या मुळाशी राजे आहेत, सेनापती आहेत, सरकारी खजिने आहेत आणि त्यांत बुडालेली एकदोन आयुष्येही आहेत. लढाईत जमीन काय करते, हे ज्ञान एके काळी कुलुपात ठेवण्याच्या योग्यतेचे होते. ते कुलपातून सुटून रद्दीच्या पुठ्ठ्यापर्यंत कसे आले, हा आमच्या लेखाचा विषय. ह्या प्रवासात एक गोष्ट मात्र टेबलावर बहुधा आलीच नाही. तिच्याकडे आम्ही शेवटी वळू.

आरंभ आपल्याच मुलखातून करू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांच्या संयुक्त फौजेची गाठ आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी पडली. मधे केळणा नदी होती. मराठ्यांची फौज संख्येने कितीतरी मोठी, तोफखाना भारी. समोरून नदी उतरणे म्हणजे त्या तोफांच्या तोंडी जाणे होते आणि दुसरीकडे कोठे उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीने दूरवर पाहिले तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर वसलेली दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळची दोन गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याची वाट नसताना अशी वसणार नाहीत, असा तर्क त्याने केला. तर्क खरा निघाला. उतार तेथेच होता. फौज पार झाली आणि लढाईचा सारा नूर पालटला. विजयाची किंमत थोडी नव्हती. इंग्रजांकडचीच मेलेली व जखमी माणसे दीड हजारांवर गेली आणि त्यांतला मोठा वाटा ज्या तुकड्या असई गावठाणाच्या फार जवळ जाऊन तेथल्या बंदुका-तोफांच्या माऱ्यात सापडल्या त्यांचा होता. म्हणजे एका जोडगावाने वेलस्लीला वाट दाखविली आणि दुसऱ्या एका गावाने त्याच्या पलटणी कापल्या. लढाई माणसे लढतात हे खरे, पण ती कोठे आणि कशी लढायची हे पुष्कळदा ओढे, बांध आणि गावकुसाच्या भिंती ठरवितात. युद्धखेळाच्या टेबलावर सैनिकांइतकाच मुलूख का लागतो, ह्याचे उत्तर असईच्या त्या दुपारी आहे.

ह्या भूमीची प्रतिकृती करून ती हाताशी ठेवावी ही कल्पना मात्र वेलस्लीच्याही पुष्कळ आधीची. १६६८ साली लुव्वा ह्या युद्धमंत्र्याने चौदाव्या लुईसाठी फ्रान्सच्या सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती करवून घेण्याचा उपक्रम सुरू केला. प्रमाण एकास सहाशे. लाकडाच्या फळ्यांवर वाळू पसरून जमीन, रंगविलेला कागद डकवून घरांच्या भिंती, रेशमी धाग्यांची झाडे असा तो थाट होता. तटाबाहेरची शेते आणि टेकड्याही त्यात असत, कारण तोफ कोठे चढविता येईल आणि वेढा घालणारा कोठे दबा धरील हे त्यांवरूनच कळायचे. पुढे दोनशे वर्षे हे काम चालू राहिले आणि अशा सुमारे २६० प्रतिकृती तयार झाल्या. आज त्यांपैकी शंभराच्या आसपास उरल्या आहेत. आरंभी त्या लूव्रच्या मोठ्या दालनात ठेवल्या होत्या आणि राजाच्या अनुज्ञेवाचून कोणाला पाहता येत नसत. कारण उघड आहे. ज्याच्या हाती प्रतिकृती त्याला शहराचे मर्म ठाऊक. १७७७ साली त्या पॅरिसमधल्या अँव्हालीदच्या वास्तूत हलविल्या गेल्या आणि १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाल्यावर प्रशियन सैन्याने त्यांतल्या काही उचलून बर्लिनला नेल्या. कागद, वाळू आणि रेशीम ह्यांची ही लूट होती. पण ती करणाऱ्यांना तिचे मोल नेमके कळत होते.

ह्या प्रतिकृतींवर खेळ होत नसे. खेळ आला तो बुद्धिबळाच्या वाटेने. ब्रन्सविक येथील हेलविग नावाच्या अध्यापकाने १७८० साली एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर ४९ गुणिले ३३ म्हणजे १,६१७ घरे होती आणि निरनिराळ्या रंगांनी कोठे डोंगर, कोठे पाणी, कोठे रान हे दाखविलेले होते. बुद्धिबळातले घर काळे असो वा पांढरे, त्यावरून चालण्याचा त्रास सारखाच. हेलविगच्या पटावर प्रथमच जमिनीला स्वभाव मिळाला. तरी ती चौकटीत बसविलेली जमीनच होती. नदीने काटकोनात वळावे हे कोणत्याही नदीला मानवणारे नव्हे.

ती चौकट मोडली ब्रेस्लाउ येथील राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने. त्याने आपला खेळ आधी ओल्या वाळूच्या टेबलावर रचला. हाताने टेकडी उभी करावी, बोटाने नदी ओढावी. राजपुत्रांना खेळ आवडला, त्यांनी राजाच्या कानावर घातला आणि तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने तो पाहण्याची इच्छा दर्शविली. येथे राइसविट्झने जे केले ते मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. राजापुढे ओली वाळू कशी न्यावी? त्याने मुदत मागून घेतली आणि १८१२ साली एक देखणे कपाटवजा टेबल सादर केले. त्यावर उठावाचे डोंगर, रस्ते, नद्या असलेले चौकोनी तुकडे होते; ते हवे तसे जुळवून दर वेळी नवा मुलूख रचता येई. आज युद्धखेळाचे शौकीन जे सुटे तुकडे जोडून टेबल मांडतात त्यांचा हा मूळपुरुष. पण राजवाड्यातले टेबल राजवाड्यातच राहिले. खेळ सैन्यात पसरला तो राइसविट्झच्या मुलाने डोंगर काढून टाकून १:८००० प्रमाणाचे छापील नकाशे पत्करले तेव्हा, १८२४ साली. नकाशा स्वस्त, घडी घालून खिशात मावणारा. सेनाप्रमुख म्यूफ्लिंग ह्याला तो खेळ इतका पसंत पडला की त्याने तो पलटणींना वापरावयास लावला. स्वतः धाकट्या राइसविट्झला ह्या यशाचा लाभ झाला नाही. १८२७ साली त्याने आत्महत्या केली.

जमिनीच्या प्रतिकृतीने ज्याचे आयुष्य खाल्ले असा आणखी एक माणूस ह्या कथेत आहे. विल्यम सायबॉर्न हा इंग्रज लेफ्टनंट. १८३० साली त्याच्यावर वॉटर्लूच्या रणक्षेत्राची प्रतिकृती करण्याची कामगिरी सोपविण्यात आली. तो आठ महिने रणक्षेत्रावरच्या ला ए सँत ह्या शेतवाडीत मुक्काम करून राहिला आणि बांधन्‌बांध मोजला. त्याचे प्रमाण मैलाला नऊ फूट असे होते. हिशेब केला तर ते एकास ५८७ च्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ चौदाव्या लुईचेच प्रमाण. त्याने लढाईत असलेल्या हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कोठे होती, समोर शत्रू कसा दिसत होता आणि, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे, तुमच्या भोवतीच्या शेतांत पीक कोणते उभे होते? ज्या शिपाईगड्यांना आपल्या मर्दुमकीचे वर्णन करण्याची हौस होती त्यांना हा माणूस राय होती की गवत होते हे विचारीत होता. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा प्रश्न लाखमोलाचा, असे आम्हांस वाटते. पुरुषभर उंचीच्या उभ्या पिकात माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही, ह्यावर त्याच्या साक्षीची किंमत ठरते.

पण पत्रांची उत्तरे जुळविल्यावर जे चित्र तयार झाले ते सर्वांनाच रुचणारे नव्हते. प्रशियन फौज ठरलेल्या समजुतीपेक्षा आधी आणि मोठ्या संख्येने रणांगणावर दिसू लागली. विजयाचे श्रेय असे टेबलावर वाटले जाणे वेलिंग्टनला, म्हणजे असईच्याच त्या वेलस्लीला, मानवेना. १८३३ साली सरकारने पैसा थांबविला. सायबॉर्नने पदरचे व उसने मिळून काम पुरे केले. खर्च सुमारे ३,००० पौंडांवर गेला. १८३८ साली पिकॅडिलीतील इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शन भरले, हजारो सूक्ष्म कथिली सैनिकांनी भरलेले ते रणक्षेत्र पाहावयास सुमारे लाखभर लोक आले आणि तरीही कर्ज फिटले नाही. पुढे त्याने पुष्कळशा प्रशियन आकृत्या पटावरून काढूनही टाकल्या. १८४९ साली तो वारला. प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. ज्या सेनापतीने दोन गावांच्या जागेवरून नदीचा उतार ओळखला त्यालाच दुसऱ्या कोणी इतक्या बारकाईने भूमी वाचावी हे अवघड जावे, ह्यात नियतीचा थोडा विनोद आहे.

येथवरचा इतिहास हा महाग वस्तूंचा. रेशीम, कथील, राजाचे टेबल. आता तो माळ्यावर चढतो. १८८१-८२ च्या हिवाळ्यात क्षयाने त्रासलेले रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्वित्झर्लंडमध्ये दाव्होस येथे राहिले होते. तेथे पोटमाळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी डोंगर, नद्या, रस्ते, पूल, शहरे काढून ते आपला सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न ह्याच्याबरोबर तासन्‌तास लढाया खेळत. लॉइडने पुढे १८९८ साली एका अमेरिकी मासिकात ह्या खेळाची हकीगत छापली. खडू आणि फरशी, एवढाच मुलखाचा खर्च. आजाऱ्याला उतरता जिना चढवेनासा होत असताना हा खेळ कितीसा औषधी ठरला असेल कोण जाणे, पण युद्धखेळाने सैनिकी विद्यालयाचा उंबरा ओलांडून घरात पाऊल टाकले ते तेथे.

आणि मग एच. जी. वेल्स. त्यांची १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ ही दोन छोटी पुस्तके प्रसिद्ध झाली. जेवणानंतर एका मित्राने खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने जमिनीवरले शिसाचे शिपाई टिपण्याचा प्रयत्न केला आणि तेथून सारे सुरू झाले. पहिला मुलूख विश्वकोशाच्या खंडांचा होता. ज्ञानाचे जाड ग्रंथ आडवे घातले की पठार तयार. त्यानंतर लाकडी विटा आल्या, एकावर एक रचलेल्या फळ्यांच्या टेकड्या आल्या, फळ्यांना भोके पाडून त्यांत खोचलेल्या डहाळ्यांची रानं आली, खडूने आखलेली नदी आली, पुठ्ठ्याची घरे आली. वेल्सच्या खेळात तोफ खरोखर लाकडी गोळी उडवी आणि शिपाई खरोखर आडवा होई. म्हणून घराआड उभा असलेला शिपाई खरोखरच वाचे. नंतरच्या खेळांत तोफेची जागा फाशांनी घेतली आणि घराचा आडोसा हा नियमपुस्तकातला एक आकडा झाला. वेल्सच्या टेबलावर, किंबहुना फरशीवर, तो आडोसाच होता.

वेल्स हे युद्धाचे भोक्ते नव्हते. ‘लिटल वॉर्स’च्या अखेरीस त्यांनी जो निष्कर्ष काढला त्याचा आशय असा की, खेळातल्या लढाईतदेखील माणसाच्या हातून किती चुका होतात हे पाहिल्यावर खऱ्या महायुद्धाचा मूर्खपणा समजायला वेळ लागत नाही, युद्धाची खुमखुमी ज्यांना असेल त्यांना खोलीत कोंडून शिसाचे शिपाई द्यावेत. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच १९१४ चा ऑगस्ट उजाडला. ते पुस्तक वाचून ज्यांनी फरशीवर मुलूख मांडला असेल अशा वयाच्या कितीतरी मुलांना पुढल्या चार वर्षांत खऱ्या चिखलात उतरावे लागले. खेळाने युद्ध टाळले नाही. ते टाळण्याची शक्ती खेळात असते अशी आशा वेल्सने करावी, हा त्या काळाचा भाबडेपणा म्हणावा लागेल. खेळाने युद्ध आणले असे म्हणणेही तितकेच भाबडे.

खेळाने काय साधते ह्याचे एक निर्विवाद उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे आणि त्यातला मुलूख जवळजवळ फुकटातला होता. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी जहाजे बुडवीत होत्या. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथील डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स ह्या क्षयामुळे नौदलातून निवृत्त कराव्या लागलेल्या अधिकाऱ्याला एक खोली देण्यात आली. लिनोलियमची जमीन, तीवर आखलेले चौकोन, खडू, आणि भोवती टांगलेले कॅनव्हासचे पडदे. जहाजांचे कप्तान पडद्याला पाडलेल्या फटीतून पाहत; समुद्रावर एखाद्या कप्तानाला जेवढे दिसेल तेवढेच त्यांना दिसावे अशी ती योजना. पांढऱ्या खडूने जहाजांच्या वाटा काढीत आणि हिरव्या खडूने पाणबुड्यांच्या. हिरवी रेघ फटीतून दिसत नसे. ह्या फरशीवर रॉबर्ट्स आणि त्याच्या हाताखालच्या तरुण मुली, नौदलाच्या महिला विभागातल्या जीन लेडलॉ, जॅनेट ओकेल वगैरे, ह्यांनी ताड्यावर हल्ला करणारी पाणबुडी बाहेरून नव्हे तर मागून आत शिरून जहाजांच्या रांगांमधून मारा करते हे ताडले आणि तीवर उतारा शोधला. पुढे हजारो अधिकाऱ्यांनी तेथे धडे घेतले. त्यांतल्या ज्या मुलींनी समुद्र पाहिला नव्हता त्यांनी समुद्रावरच्या माणसांना शिकवावे, हे खडूच्या रेघांमुळे शक्य झाले. महाग प्रतिकृती असती तर कदाचित झालेही नसते. महाग वस्तूला हात लावायला माणूस भितो; फरशी पुसून पुन्हा आखता येते.

युद्धानंतर हा छंद सर्वसामान्यांचा झाला. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन ह्यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक निघाले. हे गृहस्थ महायुद्धात रणगाडा पलटणीत होते आणि नंतर साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या पिढीचे खेळाडू पुस्तकांवर हिरवी चादर अंथरून टेकड्या करीत आणि स्पंजाचे तुकडे रंगवून झाडे. पुढे छताला लावावयाच्या थर्माकोलच्या फरशा बाजारात आल्या आणि त्या एकावर एक चिकटवून पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर उभे राहू लागले. १९८७ साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप ह्या कंपनीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा भविष्यकाळातल्या युद्धाचा खेळ आला, तेव्हा त्याच कंपनीच्या मासिकाने वाचकांना डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा करण्याची कृती दिली होती. कंपनीने १९९६ साली मुलूख तयार करण्याच्या कृतींचे पुस्तकही काढले. पुढे त्याच कंपनीला प्लॅस्टिकचे तयार अवशेष आणि तयार जमीन विकणे अधिक किफायतशीर वाटले, ह्यात नवल नाही.

ह्या साऱ्यात पुठ्ठ्याचे स्वतःचे चरित्र विसरता कामा नये. पन्हळी पुठ्ठा जन्माला आला तो खोक्यासाठी नव्हे. १८५६ साली हीली आणि ॲलन ह्या दोघा इंग्रजांनी पन्हळी कागदाचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ साली न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी तो वापरला, १८७४ साली ऑलिव्हर लाँगने पन्हळीला दोन्ही बाजूंनी सपाट कागद डकविला आणि आज दारात येणारे खोके अवतरले. टोपीचे अस्तर, बाटलीचे वेष्टण, मालाचे खोके आणि शेवटी खेड्याचे छप्पर. एका वस्तूने इतके जन्म घ्यावेत!

छप्पर हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद पाण्याने भिजवून हलकेच सोलला की खालची पन्हळ उघडी पडते आणि रंग दिल्यावर ती हुबेहूब पत्र्याचे छप्पर दिसते. अंड्यांच्या ट्रेचा खरबरीत लगदा फाडून त्याचे लहान तुकडे चिकटविले की दगडी भिंत होते. चहाचा चोथा चांगला वाळवून फेविकॉलवर भुरभुरला की रानातला पाचोळा. टिश्यूपेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून चुरगळून बसविला की कातळ. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग नुसता वरच्यावर फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळोख्या राहतात आणि कागदाला वजन येते. ह्या कलेचे रुसवेही आहेत. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला ओला गोंद लावला की तो सुकताना धनुष्यासारखा वाकतो. म्हणून दोन थर एकमेकांच्या पन्हळी आडव्या येतील असे चिकटवावे लागतात किंवा दोन्ही अंगांना लेप द्यावा लागतो. थर्माकोलवर फवाऱ्याचा रंग मारला तर त्यातल्या द्रावकाने डोंगर डोळ्यांदेखत विरघळून जातो. हे सर्व हाताने केल्यावर माणूस रस्त्याने जाताना निराळ्या नजरेने पाहू लागतो. भिंतीला ओल कोठून चढते, पत्रा कोठे आधी गंजतो, ओढ्याच्या कोणत्या काठाला दरड आणि कोणत्या काठाला वाळू, हे त्याला दिसू लागते. सायबॉर्न ज्यासाठी आठ महिने शेतवाडीत राहिला ती नजर हीच. लेझरने कापलेले लाकूड आणि घरच्या यंत्रातून छापून निघणारे प्लॅस्टिकचे बुरूज आज सहज मिळतात आणि ते सुबकही असतात. पण त्यांत पाहण्याचे काम दुसऱ्या कोणी आधीच उरकलेले असते.

आता त्या न आलेल्या गोष्टीकडे. टेबलावरचे खेडे रिकामे असते. घरे आहेत, दारे आहेत, क्वचित चुलीचा धूर काळा रंगवलेला असतो, माणूस नसतो. घर म्हणजे आडोसा, कुंपण म्हणजे अडथळा, उभे पीक म्हणजे दृष्टीआड होण्याची जागा. ही दृष्टी खेळाने आणली नाही. ती लूव्रच्या दालनातल्या रेशमी झाडांत होती, हेलविगच्या रंगीत घरांत होती आणि खुद्द वेलस्लीच्या दुर्बिणीतही होती. पिंपळगाव आणि वरूड ह्यांच्या मधल्या उतारावरून रोज कोणी गुरे नेत असेल, कोणी माहेरी जात असेल; त्यांच्याच पावलांनी ती वाट पडली होती आणि त्याच वाटेने फौज आली. असईच्या गावठाणात बंदुका भरून शिपाई बसले तेव्हा त्या घरांचे धनी कोठे होते, हे लढाईच्या नकाशांत दिसत नाही. सायबॉर्नने पिकांची चौकशी केली. ते पीक कोणाचे होते आणि त्या वर्षी त्याच्या घरी काय शिजले, हे त्याच्या प्रश्नांत नव्हते. चूक त्याची नव्हे. भूमीकडे रणभूमी म्हणून पाहिले की माणूस आपोआप वगळला जातो.

ह्या ठिकाणी आम्हांस आपल्या दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण होते. त्याचा आणि युरोपातल्या युद्धखेळाचा वंश एक नाही आणि दोहोंचे नाते जुळविण्याचा आमचा आग्रहही नाही. पण सामग्री पाहा. विटा, दगड, चिखलात बुडविलेले गोणपाट, पेरलेले हळीव, बुरुजाला उलटा ठेवलेला डबा. भूमीही लष्करीच. ज्या बारा किल्ल्यांना २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांचीच ती बालरूपे. माथ्यावर सिंहासनस्थ महाराज, पायऱ्यांवर भाले घेतलेले मावळे. मात्र पायथ्याशी कोण असते? डोक्यावर घडा घेतलेली गवळण, पाटी घेऊन बसलेली भाजीवाली, बैल हाकणारा शेतकरी, मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव. बाजारात चित्रे घ्यायला गेलेले मूल मावळ्यांबरोबर ही मंडळीही मागून घेते आणि त्यांचे प्रमाण एकमेकांशी जुळत नाही ह्याची त्याला फिकीर नसते. गवळण तटापेक्षा उंच असली तरी चालते. ह्या किल्ल्यावर लढाई कधी होत नाही, म्हणून तेथे माणसांना राहता येते, असे कोणी म्हणेल. ते बरोबरही असेल. पण किल्ला कोणासाठी बांधला होता हे त्या पायथ्याच्या चित्रांवाचून कळत नाही, असे आमचे मत आहे.

युद्धखेळ खेळणाऱ्यांनी खेळ सोडावा असे आम्ही म्हणत नाही. वेल्सच्या फरशीपासून डर्बी हाउसच्या फरशीपर्यंत त्या खेळाने माणसाला जमीन पाहायला शिकविले, हे थोडे नाही, आणि ती शिकवण राजाच्या कुलुपातून काढून ज्याच्या घरी खोके येते त्याच्या हाती दिली, हे तर मुळीच थोडे नाही. आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी पुठ्ठ्याचे खेडे कराल तेव्हा एका घराशेजारी आड खणा. बाटलीचे झाकण त्याला पुरते. दोन काड्यांमध्ये दोरा ताणून त्यावर चिंधीची धुणी वाळत घाला. नियमपुस्तकात त्यांना आकडा नाही आणि त्यांनी कोणाचा पराभव होत नाही की विजय. फक्त तोफ त्या घराकडे वळविताना हात क्षणभर थांबतो. खेळात तेवढा वेळ निघू शकतो.